सहा नंबरची जागा

"लिहिलं."

एवढा एकच शब्द. तो म्हणताना ते पेन्सिल वहीत आडवी ठेवायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि समोरच्या माणसाकडे अगदी प्रेमाने बघायचे. समोरचा बहुधा सहा फुटी, घामाघूम आणि चिडलेला असायचा. त्याला मराठीचं एक अक्षर येत नसलं तरी या शब्दाचा अर्थ पक्का ठाऊक असायचा: आता भांडून उपयोग नाही.

अनय, ईरा, तुमच्या आईने परवा टोरांटोहून व्हिडिओ पाठवला. त्यात अनय बेसबॉलच्या मैदानातून रडवेला होऊन बाहेर येताना दिसला, कारण स्कोअर लिहिणाऱ्या बाईंनी त्याच्या नावावर एरर, म्हणजे चूक, लिहिली होती. तेव्हाच तुमच्या या आजीने ठरवलं, की लंडनजवळच्या स्लाऊच्या आमच्या स्कोअररविषयी तुम्हाला लिहायचंच. तुम्ही दोघं त्यांना एकदा भेटला आहात, पण ईरा तेव्हा प्रॅममध्ये होती आणि अनयला त्यांच्या डब्यातल्या चिवड्यापलीकडे कशात रस नव्हता. त्यांचं नाव मी सांगणार नाही. स्कोअरबुकात 'स्कोअरर' या शब्दापुढची ओळसुद्धा ते कोरी ठेवत. मैदानावर सगळे त्यांना अंकल म्हणायचे. मी भाऊ म्हणत असे. गेल्या हिवाळ्यात ते गेले.

भाऊ मूळचे मिरजेचे. इथे ट्रेडिंग इस्टेटवर मोटारींच्या ब्रेकचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना होता, तिथे ते फायनल इन्स्पेक्शनला होते. हातात मापाचं गेज घ्यायचं आणि समोर आलेली वस्तू पास किंवा रिजेक्ट करायची, यात त्यांची पंचवीस-तीस वर्षं गेली. त्यामुळे कामावरून घरी आले तरी त्यांची नजर गेजसारखीच चालायची. एका वर्षी आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात कोणाला तरी बुद्धी झाली आणि त्यांना मुलांच्या चित्रकला स्पर्धेचं परीक्षक केलं. भाऊंनी सगळी चित्रं दोनदा पाहिली आणि जाहीर केलं, "दुसरा नंबर आहे, तिसरा आहे. पहिला कोणालाच नाही." हॉलमध्ये नुसता गोंधळ. एका मुलीची आई म्हणाली, "अहो, सहा वर्षांची आहे ती!" भाऊ शांतपणे म्हणाले, "म्हणूनच. पुढच्या वर्षी तिला वर चढायला जागा ठेवली आहे." पुढच्या वर्षी त्यांना प्रसादवाटपाला बसवलं. तिथेही प्रत्येकाच्या द्रोणात मोजून सारखे काजू पडत होते.

बेसबॉलशी त्यांचा संबंध आला तो मुलामुळे. मी ज्या शाळेच्या ऑफिसात नोकरी करत होते, त्या शाळेच्या मागच्या मैदानावर एका कॅनेडियन पीटी शिक्षकाने क्लब सुरू केला होता. स्लाऊसारख्या गावात बेसबॉल कोण खेळणार, असं आम्हाला वाटायचं. पण माणसं येत गेली. पोस्टमन आला, विमानतळावर सामान चढवणारे आले, कामानिमित्त आलेले जपानी आणि व्हेनेझुएलाचे तरुण आले. भाऊंचा निखिल तेरा वर्षांचा होता, तोही गेला. भाऊ त्याला सोडायला येत आणि गाडीत पेपर वाचत बसत. एका रविवारी स्कोअर लिहिणारा आला नाही, म्हणून कोणीतरी वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी मागची पानं चाळली आणि म्हणे त्यांना घामच फुटला. खाडाखोड, कॉफीचे डाग, बेरजा चुकलेल्या. वही ते घरी घेऊन गेले. लायब्ररीतून नियमांचं पुस्तक आणलं, तो सगळा हिवाळा अभ्यास केला आणि वसंतात फोल्डिंगची खुर्ची घेऊन जाळीमागे जे बसले ते कायमचे.

मीही निवृत्त झाल्यावर त्या क्लबची सेक्रेटरी झाले. मला बेसबॉल कळत नव्हतं, पण मीटिंगच्या मिनिट्स कशा लिहाव्यात हे कळत होतं आणि तिथे दुसऱ्या कोणाला ते कळत नव्हतं. जो काही खेळ मला समजला तो भाऊंच्या शेजारी बसून. एरर म्हणजे काय, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी विचारलं.

"सोपं आहे, ताई," ते म्हणाले. "बॉल आला आणि नेहमीच्या मेहनतीत तो अडवता यायला हवा होता, पण अडवला नाही, तर ती अडवणाऱ्याची चूक. नेहमीच्या मेहनतीत कोणालाच अडवता आला नसता, तर ती मारणाऱ्याची हिट. एवढंच ठरवायचं."

"आणि ठरवायचं कोणी?"

"स्कोअररने. म्हणून त्याने बॉलवरची नजर काढायची नाही."

माणसाकडून नेहमीच्या मेहनतीची अपेक्षा करायची आणि त्यापलीकडचं जमलं नाही तर दोष द्यायचा नाही. मी शाळेत इतकी वर्षं रिपोर्ट कार्डं टाइप केली, पण इतका न्याय्य नियम कुठे वाचला नाही.

त्यांच्याशी भांडायला येणाऱ्यांची रांग असायची. एक दांडगा अमेरिकन होता, त्याने मारलेल्या बॉलला हिट न देता भाऊंनी समोरच्याची एरर लिहिली होती. तो तावातावाने आला. भाऊंनी डबा उघडून पुढे केला. "चिवडा घ्या. चहा आहे फ्लास्कमध्ये. हिट मिळणार नाही." तो बिचारा चिवडा खात खात परत गेला. पुढच्या रविवारी त्याने स्वतःहून विचारलं, की आज तो पिवळा खाऊ आणलाय का. केंजी नावाचा एक जपानी कॅचर, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा, तर मैदानात उतरण्याआधी पंचांऐवजी भाऊंना वाकून नमस्कार करायचा. भाऊ खुर्चीतून अर्धवट उठून तसंच वाकायचे. हीथ्रोला उतरणारं विमान डोक्यावरून जात असलं, की पंच थांबायचा, खेळाडू थांबायचे, आणि तेवढ्या वेळात भाऊ पेन्सिलीला टोक काढून घ्यायचे.

आता निखिलविषयी. तो मोठा होऊन क्लबचा शॉर्टस्टॉप झाला. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ती जागा. स्कोअरबुकात प्रत्येक जागेला नंबर असतो, हिचा सहा. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात वाईट बॉल तिथेच येतात. निखिल तिथे मांजरासारखा खेळायचा. मी हे ओळखीच्या मुलाचं कौतुक म्हणून सांगत नाही, पाहिलंय म्हणून सांगते. त्याचे वडील मात्र त्याला सूट द्यायचे नाहीत. उलट आम्हा सगळ्यांना कळायचं, की जी चूक इतरांना माफ होते ती निखिलच्या नावावर लागते. वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, एकदा मला म्हणाल्या, "दुसऱ्याचा मुलगा असता तर बरा होता बिचारा."

एका वर्षी मोठा सामना होता. तो जिंकला तर आमचा क्लब वरच्या विभागात जाणार होता. बॉल टाकत होता ब्रायन. तो सकाळी पत्रं टाकायचा आणि रविवारी बॉल. त्या दिवशी त्याने समोरच्या संघाला एकही हिट मिळू दिली नव्हती. असा पूर्ण सामना काढला तर त्याला नो-हिटर म्हणतात. बॉल टाकणाऱ्या पिचरच्या आयुष्यात तो एकदा आला तरी भाग्य, आणि आमच्या क्लबात तोवर कोणाला जमला नव्हता. शेवटच्या डावात एक बॉल निखिलकडे आला, त्याच्या हातमोज्याला लागून निसटला, आणि मारणारा बेसवर पोहोचला. सगळं मैदान भाऊंकडे वळलं. हिट दिली तर ब्रायनचा नो-हिटर गेला. एरर दिली तर वाचला, पण ती लागणार निखिलला.

भाऊंनी लगेच लिहिलं. सहा नंबरची एरर.

सामना जिंकलो. ब्रायनला खांद्यावर घेऊन सगळे नाचले. निखिल जाळीपाशी आला. "बाबा, बॅड हॉप होतं ते! टप्पा पडून एकदम माझ्या फेसवर आला बॉल!" भाऊंनी तो नेहमीचा शब्द उच्चारला आणि वही मिटली. वहिनी सांगत होत्या, की निखिल आठ दिवस घरात मराठी बोलला नाही. मीठ मागायचं तरी इंग्रजीत. भाऊही हट्टी. ते मराठीतच उत्तर देत होते. नवव्या दिवशी वहिनींनी दोघांना दम दिला तेव्हा ते थांबलं. पण तो विषय बापलेकांत पुन्हा कधी निघाला नाही. निखिल खेळत राहिला, पुढे त्याचं लग्न झालं, गुडघा दुखायला लागला, मग तो लहान मुलांना शिकवू लागला.

भाऊ गेले त्याआधीच्या उन्हाळ्यात क्लबने ठरवलं, की आजवरच्या सर्वोत्तम नऊ खेळाडूंची नावं रंगवायची. आम्हाला पॅव्हेलियन नाही. सामान ठेवायला एक हिरवा लोखंडी कंटेनर आहे, त्याच्याच दारावर. निवडायला पाच जणांची समिती: चेअरमन डेव्हिड, ब्रायन, आणखी दोन जुने खेळाडू आणि भाऊ. मी मिनिट्स लिहायला. मला मत नव्हतं आणि ते बरंच होतं.

मुलांनो, त्या बैठका तुम्ही बघायला हव्या होत्या. कंटेनरमध्ये उलट्या बादल्यांवर बसून पार्लमेंट चालावं तसं चालायचं. डेव्हिडला सगळे लांब मारणारे हवे होते. भाऊ म्हणाले, "त्या काळी कुंपण बरंच अलीकडे, ब्रॅम्बलच्या काटेरी झुडपांपाशी होतं. आजच्या कुंपणाला त्यातले निम्मे कॅच गेले असते." पिचरची पाळी आली तेव्हा ब्रायन शहाण्यासारखा किटली भरायला बाहेर गेला, आणि परत आला तोवर त्याचं नाव एकमताने लिहून झालं होतं. केंजीही एकमताने. डाव्या बाजूच्या लांबच्या फील्डला मात्र कोणाला नाव आठवेना. भाऊंनी एक जुनी वही काढली.

"ट्रेसी," ते म्हणाले.

"कोण ट्रेसी?" डेव्हिड म्हणाला.

"डेंटिस्टकडे रिसेप्शनला होती. त्या बाजूला गांधीलमाश्यांचं पोळं होतं, म्हणून तुम्ही कोणी तिकडे उभं राहायला तयार नव्हता. ती दोन सीझन उभी राहिली. तिच्या नावावर एकही एरर नाही."

वही हातोहात फिरली. ब्रायन पुटपुटला, "खरंच की. मीच तिला तिकडे पाठवायचो." ट्रेसीचं नाव लागलं. आता ती कुठे असते कोणाला माहीत नाही, पण स्लाऊमधल्या एका हिरव्या दारावर तिचं नाव मोठ्या अक्षरांत आहे. त्या दिवशी भाऊंच्या शेजारी बसलेली मी मनातून फुलून गेले होते.

मग आली सहा नंबरची जागा. नावं दोनच. एक निखिल. दुसरा राफाएल, व्हेनेझुएलाचा. तो तीनच सीझन खेळला, पण असा खेळला की लोक अजून आठवण काढतात. डेव्हिड आणि एक जण राफाएलच्या बाजूने, ब्रायन आणि दुसरा निखिलच्या. दोन-दोन. भाऊ म्हणाले, "माझं मत नाही. माझा मुलगा आहे."

"अंकल, मग अडलंच," डेव्हिड म्हणाला. "तुम्हाला मत द्यावंच लागेल."

त्यांनी आठवड्याची मुदत मागितली आणि सगळ्या वह्या गाडीत भरून घरी नेल्या. गाडीतून मला सोडताना मी म्हटलं, "भाऊ, राफाएलला देऊन टाकणार ना?" कारण आम्हा सर्वांची तीच खात्री होती. आयुष्यभर या माणसाने मुलाला नावालाही झुकतं माप दिलं नव्हतं. ते आता काय देणार? माझ्या दारापाशी गाडी थांबवल्यावर ते म्हणाले, "ताई, चूक पकडायची सवय झाली, की चूक नाही हे कबूल करायला माणूस घाबरतो."

वहिनी नंतर सांगत होत्या, की त्या आठवड्यात डायनिंग टेबलावर जेवायला जागा नव्हती.

पुढच्या रविवारी ते आले ते स्वच्छ दाढी करून, टाय लावून. बाहेर निखिल मुलांची प्रॅक्टिस घेत होता, त्याचा आवाज आत येत होता. भाऊ बसले नाहीत. उभ्यानेच इंग्रजीत बोलले, आणि मी ते शब्दन् शब्द मिनिट्समध्ये घेतलं आहे.

"ब्रायनच्या सामन्यात मी सहा नंबरला एरर लिहिली. तो बॉल मी पाहिला नव्हता. मी माझ्या मुलाकडे बघत होतो. एवढा मोठा सामना, त्याला जमेल ना, म्हणून बॉलवरची नजर काढून मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसलो. बॉल निसटलेला दिसला आणि लिहून टाकलं. हिट दिली असती तर लोक म्हणाले असते, पोराला वाचवलं. त्याची मला भीती वाटली."

बाहेर निखिलची शिट्टी वाजली.

ब्रायनच पहिल्यांदा बोलला. "मग हिट लिहा, अंकल. नो-हिटर गेला तर जाऊ दे. माझा गुडघा त्याहून आधी गेलाय."

"नाही," भाऊ म्हणाले. "वही बदलायची मुदत कधीच संपली. आणि तो बॉल हिट होता की एरर, हे मला आजही माहीत नाही. न पाहिलेलं मी पुन्हा लिहिणार नाही. नो-हिटर तुझाच आहे. पण बाकीचे सगळे बॉल मी पाहिलेत. राफाएलचे तीन सीझन पाहिले आणि याचे चौदा पाहिले. आठवडाभर परत वाचले. या क्लबचा सर्वांत चांगला शॉर्टस्टॉप निखिल आहे. माझं मत त्याला."

डेव्हिड राफाएलच्या बाजूचा. तो जरा हसून म्हणाला, "लोक म्हणतील, बापाचं मत."

"म्हणू देत," भाऊ म्हणाले. "मी आलोय ऐकायला."

डेव्हिडने मान हलवली आणि उठून त्यांच्याशी हात मिळवला. मी लिहिलं: शॉर्टस्टॉप, निखिल, तीन विरुद्ध दोन. माझं अक्षर थोडं वाकडं आलंय. तसंच ठेवलं आहे.

भाऊ मला घरी सोडणार होते, म्हणून मी फाईल छातीशी धरून त्यांच्या मागोमाग बाहेर आले. निखिलने त्यांना बघितलं आणि मुलांना पाणी प्यायला पाठवलं.

"झाली मीटिंग?"

"झाली."

"सिक्सला टाय होता ना? ब्रायन सांगत होता. मग कास्टिंग व्होट कोणाचं?"

"माझं."

निखिल हसला. मनापासून, कडवटपणा न ठेवता हसला. तेच मला जास्त लागलं. "ओके. मग राफाएल. फेअर इनफ, बाबा. ही वॉज ब्रिलियंट."

"नाही," भाऊ म्हणाले. "तू."

निखिल बघतच राहिला. चाळिशी ओलांडलेला, डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी. त्याने हातातला बॉल एकदा या हातात, एकदा त्या हातात केला. मग विचारलं, "मी? तुम्ही मला दिलं?"

"चौदा सीझन पाहिलेत मी तुझे. आतही सांगून आलोय. आणि तुझी ती एरर, ब्रायनच्या सामन्यातली. तो बॉल मी पाहिला नव्हता रे. तुझ्याकडे बघत होतो."

"इतकी वर्षं, बाबा!" निखिलचा आवाज चढला. "इतकी वर्षं मला वाटत होतं, मी खरंच लेझी होतो त्या दिवशी."

भाऊंनी टायची गाठ सैल केली. इतक्या वर्षांत ते जाळीच्या पलीकडे कधी गेले नव्हते. स्कोअररने मैदानात पाय ठेवायचा नाही, असा त्यांचा स्वतःचाच नियम होता. त्या दिवशी त्यांनी खडूची पांढरी रेघ ओलांडली. पॉलिश केलेल्या बुटांनी लाल मातीतून हळूहळू चालत ते दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये जाऊन उभे राहिले.

"कुठे होतास तू?"

"अजून दोन पावलं मागे," निखिल म्हणाला. तो धावत गेला आणि त्यांच्या कोपराला धरून त्यांना त्या जागी उभं केलं. "इथे. आणि बॉल तिकडून. दोन टप्पे सरळ आले. तिसरा इथं, या खड्ड्यात, आणि तिथून एकदम वर."

"दाखव मला."

निखिल दहा पावलं पुढे गेला, वळला आणि बॉल जमिनीवरून टाकला. एक टप्पा, दुसरा टप्पा. भाऊ गुडघ्यांवर हात टेकून वाकले होते. त्यांची नजर बॉलवरून हलत नव्हती. मुलं पाण्याच्या बाटल्या हातात धरून बघत उभी राहिली.

"परत टाक," भाऊ म्हणाले.